जुन्या जिप्सीला पुश बटन सेल्फ: जोडणी, रिले आणि किल्लीचं काय करायचं

प्रश्न असा आहे: १९९४ सालची कार्ब्युरेटरवाली मारुती जिप्सी, ९७० सीसीचं इंजिन. सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होते. पण घाट चढून आल्यावर बंद केली आणि दहा मिनिटांनी किल्ली फिरवली, की नुसतं ‘टक्’ वाजतं. चार-पाच वेळा किल्ली मारल्यावर मग कधीतरी सेल्फ घेतो. म्हणून किल्लीची भानगडच काढून टाकावी आणि बाजारात मिळणारं पुश बटन स्टार्टचं किट बसवावं असा विचार आहे. ते कसं जोडायचं, आणि त्याने हा त्रास जाईल का?

बटण जरूर बसवा. पण किल्ली काढू नका, आणि किटही घेऊ नका. स्प्रिंगवालं एक चांगलं बटण, दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारे विजेचे स्विच), ब्रेक लाइटचा एक स्विच, एक डायोड, दोन फ्यूज आणि दर्जेदार वायर एवढ्या सामानात काम होतं. तुमचा ‘टक्’चा त्रास बहुतेक जाईल, पण तो बटणामुळे नाही, रिलेमुळे जाईल. हा फरक नीट कळला तर पुढची सगळी जोडणी आपोआप समजेल, म्हणून त्याच्यावर जरा वेळ घालवतो.

सेल्फ मोटरला दोन ठिकाणांहून करंट येतो. एक जाड केबल बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट सोलेनॉइडच्या (सेल्फ मोटरवर बसवलेल्या चुंबकी स्विचच्या) मोठ्या बोल्टवर येते. तिच्यात वीज कायम असते आणि मोटर फिरवणारा शंभर-दीडशे अँपिअरचा भार तीच वाहते. दुसरी बारीक वायर सोलेनॉइडच्या चपट्या पिनवर येते, आणि किल्ली START वर नेली तरच तिच्यात करंट येतो. जर्मन पद्धतीच्या आकड्यांत मोठ्या बोल्टला ३० आणि चपट्या पिनला ५० म्हणतात. सुझुकीच्या हार्नेसमध्ये ही बारीक वायर काळी आणि तिच्यावर पिवळी रेघ अशी असते. पण लिलावात घेतलेल्या किंवा दोन-तीन हातांतून आलेल्या जिप्सीत रंगांवर भरवसा ठेवू नका. टेस्ट लॅम्प लावून, किल्ली फिरवून, डोळ्यांनी बघा आणि मगच कटर हातात घ्या.

लोक समजतात की या बारीक वायरमधून नुसता इशारा जातो. तसं नाही. सोलेनॉइडच्या आत दोन गुंडाळ्या असतात: एक ओढणारी, एक धरून ठेवणारी. किल्ली फिरवल्याक्षणी दोन्हींत करंट जातो आणि तो २५-३० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. प्लंजर आत ओढला जातो, बेंडिक्सचा पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगवर सरकतो, मोठे कॉन्टॅक्ट मिळतात, आणि त्याच क्षणी ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज आल्यामुळे तिच्यातला करंट थांबतो. उरते ती धरून ठेवणारी, आठ-दहा अँपिअरची. म्हणजे पहिला झटका मोठा असतो, आणि तो सगळा जातो तुमच्या किल्लीच्या स्विचमधून, डॅशबोर्डच्या कपलरमधून, आणि फायरवॉलमधून इंजिनपर्यंत येणाऱ्या लांबलचक वायरमधून.

तीस वर्षं जुना इग्निशन स्विच कधी उघडून बघा. किल्लीच्या कुलपाच्या सिलिंडरमागचा प्लास्टिकचा भाग दोन स्क्रूंवर सुटतो. आत तांब्याची एक फिरती पट्टी असते आणि तिच्या खाली अर्धगोल टिकल्या. START च्या टिकलीवर काळा खड्डा पडलेला असतो, भोवती वितळलेल्या तांब्याचे बारीक मणी, आणि मूळचं ग्रीस मेणासारखं वाळून कडेला साचलेलं. शेजारची ON ची टिकली मात्र बऱ्यापैकी चकचकीत असते. ती टिकली पाहिली की मीटर लावायच्या आधीच निदान निम्मं झालेलं असतं.

आता हिशेब करा. स्विच, कपलर आणि वायर मिळून नुसता ०.१२ ओहमचा अडथळा वाढला आणि करंट २५ अँपिअर धरला, तर तीन व्होल्ट वाटेतच संपतात. लोड आल्यावर बॅटरी ११.५ व्होल्टवर असेल तर पिनवर पोचतात ८.५. थंड सोलेनॉइड तेवढ्यावर कसाबसा ओढला जातो. घाट चढून आल्यावर इंजिनच्या उष्णतेने त्याची गुंडाळी ६० अंशांनी जास्त तापलेली असेल, तर तांब्याचा रोध जवळपास पाव पटीने वाढतो आणि त्यामुळे ओढ कमी होते. प्लंजर अर्ध्यावर येतो, ‘टक्’ वाजतं, मोठे कॉन्टॅक्ट मिळत नाहीत. किल्ली चार वेळा मारल्यावर स्विचची पट्टी थोडी घासली जाते, एखाद वेळी चांगली बसते आणि सेल्फ घेतो. तुम्ही सांगितलेली लक्षणं या वर्णनाशी तंतोतंत जुळतात.

पण जुळतात म्हणून लगेच जोडणीला लागू नका, आधी खात्री करा. गाडी तापलेली असताना, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकाला दगड लावून हे करायचं. किल्ली ON वर नको, OFF वर हवी. सोलेनॉइडच्या पिनवरची बारीक वायर उपसून बाजूला ठेवा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ स्क्वेअर एमएमची एक सुटी वायर त्या पिनला क्षणभर टेकवा. दहापैकी दहा वेळा सेल्फ घेतला, तर दोष किल्लीच्या वाटेत आहे आणि रिलेने तो जाणार. या वायरनेही ‘टक्’च वाजलं, तर रिले आणि बटण लावून काही उपयोग नाही. मग सोलेनॉइडचे मोठे कॉन्टॅक्ट, कार्बन ब्रश, बॅटरीची टर्मिनलं किंवा अर्थ (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) यांच्याकडे बघावं लागेल. एक सोपी खूण सांगतो. हेडलाइट लावून सेल्फ मारा. ‘टक्’ वाजताना दिवे एकदम मंदावले तर बॅटरी, टर्मिनल किंवा अडकलेली मोटर. दिवे तसेच प्रखर राहिले तर मोटरपर्यंत करंट पोचतच नाही.

अर्थकडे तर बटण लावायचं असो वा नसो, बघाच. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी जुन्या गाडीत हमखास हिरवी पडलेली किंवा तुटलेली असते. ती नसली की सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. दोन-तीन वेळा सेल्फ मारल्यावर चोकच्या केबलला हात लावून बघा. ती गरम लागली तर अर्थची पट्टी गेली असं समजा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फ मोटरच्या बॉडीवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी ती पट्टी बदला.

आता जोडणी. कामाला हात लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा.

पहिला टप्पा रिलेचा. ४० अँपिअरचा, पाच पिनांचा साधा ऑटोमोटिव्ह रिले घ्या. त्याच्या पिनांवर आकडे कोरलेले असतात: ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या कॉइलची दोन टोकं, ३० म्हणजे करंट येण्याची जागा, ८७ म्हणजे कॉइल ओढल्यावर करंट जाण्याची जागा, आणि ८७ए म्हणजे कॉइल सुटलेली असताना ३० ला चिकटून असलेली जागा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ४ स्क्वेअर एमएमची वायर काढा. टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज लावा आणि ती वायर रिलेच्या ३० वर द्या. ८७ वरून तशाच वायरने सोलेनॉइडच्या चपट्या पिनवर या. त्या पिनवरून उपसलेली मूळची काळी-पिवळी वायर आता ८६ वर जाईल. ८५ तूर्तास बॉडीला अर्थ करा.

इथे थांबून बॅटरी जोडा आणि किल्लीने गाडी चालू करून बघा. किल्लीच्या स्विचमधून आता पंचवीसच्या जागी जेमतेम ०.१५ अँपिअर जातो, कारण रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ८०-९० ओहम असतो. स्विचची टिकली कितीही खराब असली तरी एवढा करंट ती देते. मी तर सांगेन की आठ-पंधरा दिवस गाडी अशीच चालवा. गरम गाडी प्रत्येक वेळी पहिल्या किल्लीला घेऊ लागली, की बटण हा फक्त हौसेचा भाग उरतो, आणि हौसेचं काम घाई न करता केलेलं बरं.

दुसरा टप्पा बटणाचा. बटण दाबलं की मिळणारं आणि बोट काढलं की सुटणारं हवं. दाबल्यावर अडकून राहणारं बटण इथे चालत नाही. इंजिन चालू झाल्यावरही पिनियन रिंगमध्ये राहिला तर बेंडिक्सचा क्लच जळतो, आणि तो धरला गेला तर इंजिन मोटरला तिच्या क्षमतेच्या कितीतरी पट वेगाने फिरवतं आणि आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) गुंडाळ्या सुटून बाहेर येतात. दुकानात उभं राहून दहा-वीस वेळा बटण दाबून बघा, परत येताना आळस करणारं घेऊ नका. जिप्सीत पाणी-चिखल आत येतोच, त्यामुळे मागे रबरी सील असलेलं, आयपी६७ दर्जाचं बटण घ्या.

बटणाला करंट कुठून द्यायचा, यात बरेच जण चुकतात. थेट बॅटरीवरून दिला तर किल्लीशिवाय कोणीही, लहान मूलसुद्धा, सेल्फ मारू शकेल. ACC वरून (किल्लीची रेडिओ वगैरेंसाठीची जागा) दिला तर इग्निशन बंद असतानाही सेल्फ फिरेल. तो द्यायचा किल्ली ON वर आल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरवरून, फ्यूज बॉक्सच्या पुढून, आणि वाटेत ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज घालून. बटणाचं दुसरं टोक रिलेच्या ८६ वर, म्हणजे काळ्या-पिवळ्या वायरच्या जोडीला. म्हणजे किल्ली START वर नेली तरी सेल्फ घेईल आणि किल्ली ON वर ठेवून बटण दाबलं तरी घेईल. या दोन वाटा एकमेकींना त्रास देत नाहीत, कारण एक वापरताना दुसरी उघडी असते. आडरानात बटणात पाणी गेलं तर किल्ली आहे.

या जागेवर रिलेच्या ८५ आणि ८६ मध्ये एक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावून घ्या, पांढऱ्या पट्ट्याची बाजू ८६ कडे. रिले सुटताना त्याच्या कॉइलमधून उलटा झटका येतो आणि बटणाची टोकं हळूहळू खातो. डायोड तो झटका जिरवतो. पट्टा उलट लागला तर मात्र बटण दाबताच ३ अँपिअरचा फ्यूज उडेल, आणि किल्ली START वर नेली तर त्या वाटेने शॉर्ट होईल. म्हणून पहिली चाचणी बटणाने घ्या. आतच रोध बसवलेला रिले मिळाला तर डायोड लागत नाही.

किल्ली ON वर आणि सेल्फ बटणावर ही मांडणी काही नवी नाही. होंडाने १९९९ साली आणलेल्या एस२००० या स्पोर्ट्स गाडीत कारखान्यातूनच अशी सोय होती: किल्ली फिरवा, मग डॅशबोर्डवरचं लाल बटण दाबा. त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला सेल्फचा स्विच पायाजवळ, फरशीवर होता. चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकवर आला, पण किल्लीच पुढे फिरवून सेल्फ मारायची पद्धत अमेरिकेत रुळायला चाळीसचं दशक संपावं लागलं. तेव्हा तुमच्या जिप्सीच्या घराण्याला बटण शोभूनच दिसेल.

तिसरा टप्पा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. किल्ली फिरवायला मनगट वळवावं लागतं, बटण नुसत्या धक्क्यानेही दाबलं जातं. गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे उडी मारते. जिप्सीत तर ट्रान्सफर केसला लो रेंज आहे. फोर व्हील लोमध्ये पहिला गिअर असेल तर इंजिन चालू न होताही नुसत्या सेल्फवर गाडी चालत जाते. समोर भिंत असली तर भिंतीवर जाते, माणूस असला तर माणसावर. म्हणून क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेणार नाही अशी सोय करायची.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. ब्रेक पेडलच्या वर जो दोन पिनांचा ब्रेक लाइट स्विच असतो, तसलाच एक नवा घ्या. पेडल वर असताना त्याचा दांडा दाबलेला असतो आणि सर्किट उघडं. पेडल खाली गेलं की दांडा सुटतो आणि सर्किट मिळतं. तो क्लच पेडलच्या वर एका लोखंडी पट्टीवर बसवा. दांड्याची चुडी फिरवून असं जुळवा की क्लच जवळजवळ पूर्ण दाबल्यावरच तो मिळेल. मघाशी ८५ बॉडीला दिला होता, तो सोडवा आणि या स्विचमधून अर्थकडे न्या. आता किल्लीने मारा किंवा बटणाने, क्लच दाबला नसेल तर रिले ओढणारच नाही. ओढ्यात बंद पडलेली गाडी सेल्फवर गिअरमध्ये बाहेर काढायची जुनी युक्ती मात्र यापुढे चालणार नाही, हे लक्षात ठेवा. ती हवीच असेल तर डॅशबोर्डखाली झाकणाचा छोटा स्विच क्लच स्विचच्या समांतर लावता येतो, पण तो कायम चालू ठेवायचा मोह होतो, म्हणून मी सहसा लावून देत नाही.

चौथा टप्पा: इंजिन चालू असताना बटण निकामी करणं. जिप्सीच्या डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा असतो. त्याची वायर अल्टरनेटरच्या L नावाच्या पिनवर जाते. किल्ली ON आणि इंजिन बंद असताना त्या वायरवर एक-दोन व्होल्टच असतात, म्हणून दिवा पेटतो. इंजिन चालू झालं की त्याच वायरवर चौदाच्या आसपास व्होल्ट येतात आणि दिवा विझतो. या फरकाचा उपयोग करायचा. दुसरा रिले घ्या. त्याचा ८६ या L च्या वायरला, ८५ अर्थला. क्लच स्विचकडून येणारी वायर बॉडीला न देता या दुसऱ्या रिलेच्या ३० वर द्या आणि त्याचा ८७ए बॉडीला द्या. इंजिन बंद असताना ३० आणि ८७ए मिळालेले असतात, सेल्फ घेतो. इंजिनने पकडलं की L वर व्होल्टेज येतं, दुसरा रिले ओढतो, पहिल्या रिलेचा अर्थ तुटतो आणि बोट बटणावरच राहिलं तरी सेल्फ सुटतो. चालू गाडीत कोणी बटण दाबलं तर काहीच होत नाही. रिंग आणि पिनियनचा तो कर्कश आवाज कायमचा जातो.

हे जोडायच्या आधी L वरचे दोन्ही आकडे तुमच्या गाडीवर मीटरने मोजा. अल्टरनेटर बदललेला असू शकतो, आणि काही अल्टरनेटरची ही पिन दिव्याखेरीज जास्त भार सोसत नाही. जोडल्यावर इंजिन बंद असताना दिवा पूर्वीइतकाच लख्ख पेटला आणि चालू झाल्यावर पूर्ण विझला, तर जोडणी बरोबर आहे. काही जण याच कामासाठी ऑइल प्रेशरच्या दिव्याचा स्विच वापरतात. मला ते पसंत नाही. सेल्फ जरा जास्त वेळ मारावा लागला की नुसत्या सेल्फच्या फिरण्यानेही ऑइलचा दाब चढतो आणि इंजिन पकडायच्या आतच सेल्फ सुटतो.

वायरिंगच्या कारागिरीबद्दल थोडक्यात. मोठ्या करंटच्या वाटेला ४ स्क्वेअर एमएम, रिलेच्या कॉइलकडे आणि बटणाकडे १ स्क्वेअर एमएम पुरते. वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका. थिंबल क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार महिन्याभरात वायर कापते. रिलेचे सॉकेट बॅटरीच्या बाजूला, उंच जागी, पिना खाली येतील असे बसवा. रिलेकडे येणाऱ्या वायरला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत सॉकेटमध्ये न जाता झोळातूनच टपकेल. अर्थसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून बोल्ट घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा.

आता त्या किटबद्दल, कारण तुमचा मूळ विचार तोच होता. हे किट किल्लीच्या स्विचची सगळी कामं आपल्या पेटीत घेतं: ACC, ON, START, आणि इंजिन बंद करणंसुद्धा. त्यात माझे आक्षेप दोन आहेत. पहिला स्टिअरिंग लॉकचा. किल्ली सिलिंडरमधून काढली की स्प्रिंगवरची लोखंडी खिटी स्टिअरिंगच्या दांड्यावर येऊन टेकते आणि खाच समोर आली की आत घुसते. किल्ली खिशात ठेवून बटणावर गाडी चालू केली तर पहिल्या वळणावर स्टिअरिंग जाम होऊ शकतं. बसवणारे यावर उपाय म्हणून एक तर ती खिटी तोडून टाकतात किंवा किल्ली कायमची सिलिंडरमध्ये ठेवायला सांगतात. पहिल्यात चोरीला आडकाठी उरत नाही, दुसऱ्यात किटचा अर्थच उरत नाही.

दुसरा आक्षेप चालू गाडीत इंजिन बंद होण्याचा. कारखान्यातून बटण घेऊन येणाऱ्या गाड्यांत ते बटण करंट तोडत-जोडत नाही. ते कंट्रोल युनिटला फक्त विनंती करतं, आणि युनिट रिमोट जवळ आहे का, ब्रेक दाबला आहे का, गाडीचा वेग किती आहे हे बघून ठरवतं. चालत्या गाडीत इंजिन बंद करायला बटण मुद्दाम काही सेकंद दाबून धरावं लागतं किंवा लागोपाठ दाबावं लागतं. स्वस्त किटला वेग कळतच नाही. गुडघा लागला, प्रवाशाचा हात लागला, की इंजिन बंद. ब्रेक बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. घाट उतरताना हे झालं तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या जोडणीत बटणाला इंजिन बंद करता येत नाही, ते काम किल्लीकडेच राहतं, आणि म्हणूनच ती मला सुरक्षित वाटते.

हे उत्तर वाचून दुसऱ्या गाडीवर प्रयोग करणाऱ्यांसाठी थोडं. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत START ची वायर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंट्रोल युनिटलाही जाते. इंजिन आता फिरवलं जातंय हे त्यावरून त्याला कळतं आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणून बटणाची वायर थेट सोलेनॉइडवर न नेता वर सांगितल्यासारखी मूळच्या START वायरलाच जोडावी. मारुतीच्या आयकॅट्ससारखा इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असेल तर चिपची किल्ली सिलिंडरजवळ असल्याशिवाय इंजिन पकडणार नाही, आणि दुसरी किल्ली डॅशबोर्डखाली चिकटवून ठेवणं म्हणजे चोराच्या हातात गाडी देणं. जुन्या फियाट-ॲम्बेसेडरच्या काळातल्या काही गाड्यांत इग्निशन कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रोध असतो आणि सेल्फच्या वेळी तो वगळण्याची सोय किल्लीच्या START वर असते. तिथे नुसतं बटण लावलं तर सेल्फ जोरात फिरेल पण ठिणगी मंद पडेल. वॉरंटीतल्या नव्या गाडीच्या हार्नेसला कृपया हात लावू नका.

तुमच्या गाडीवर सवयीची एक गोष्ट बदलेल. किल्ली START वर नेली की स्विच रेडिओ आणि इतर ACC वरच्या वस्तूंचा करंट आपोआप तोडतो. बटणाने सेल्फ मारताना किल्ली ON वरच असते, त्यामुळे हे सगळं चालूच राहतं. ब्लोअर आणि हेडलाइट हाताने बंद करून मगच बटण दाबा, विशेषतः थंडीत. आणि एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट तरी मोटर थंड होऊ द्या.

काम झाल्यावर तपासणी अशी करा. इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन पकडणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरं सोलेनॉइडच्या चपट्या पिनवर, आणि क्लच दाबून बटण दाबायला सांगा. सेल्फ फिरताना हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. मग मीटर बॅटरीच्या दोन खुंट्यांवर लावून पुन्हा सेल्फ मारा, ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीच थकली आहे. क्लच न दाबता बटण दाबा, काही होता कामा नये. वायर परत लावून इंजिन चालू करा, क्लच दाबून पुन्हा बटण दाबा, तेव्हाही काही होता कामा नये. मग घाट चढून या आणि गरम इंजिनावर हेच सगळं परत करा. त्या वेळी पहिला आकडा किती आला आणि L च्या वायरवर इंजिन बंद-चालू असताना किती व्होल्ट दिसले, ते मला कळवा. अडचण आलीच तर त्या आकड्यांवरून पुढचं सांगता येईल.